उभ्या गाडीची बॅटरी

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागली आणि टप्प्याटप्प्याने वाढत ती ३१ मेपर्यंत गेली. नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनासाठी आलेले पंजाबातले हजारो यात्रेकरू तिथेच अडकले. त्यांना घरी नेण्यासाठी एप्रिलअखेर बसगाड्या धावल्या. त्या काळात नांदेडच्या वजिराबाद-तरोड्यात, लातूरच्या औसा रोड-अंबाजोगाई रोडवर घरांपुढे लावलेल्या कितीतरी चारचाकी गाड्या जागच्या हलल्या नाहीत. ६८ दिवस, आणि तेही मराठवाड्यातल्या सर्वांत कडक उन्हाचे. पुढे किल्ली फिरवली तेव्हा अनेकांना इंजिनाऐवजी नुसती टकटक ऐकू आली. गाडी चालवलीच नाही, मग बॅटरी बसली कशी, हा प्रश्न तेव्हा पडला आणि अजूनही पडतो.

टाळेबंदी एकदाच आली, पण गाडी उभी राहण्याचे प्रसंग आपल्याकडे दरवर्षी येतात. शिक्षणाच्या ‘लातूर पॅटर्न’मुळे अकरावी-बारावीसाठी मुले लातूर-नांदेडला येतात, आई सोबत खोली करून राहते, वडील एसटीने ये-जा करतात आणि मुखेड, देगलूर, अहमदपूर किंवा निलंग्याच्या घरी गाडी झाकून ठेवलेली असते. मुलगा पुण्यात नोकरीला, त्याची गाडी गावी आई-वडिलांच्या दारात. ती दिवाळीला आणि लग्नसराईतच बाहेर निघते. पेरणी आणि मळणीच्या मधल्या काळात ट्रॅक्टरही शेडमध्येच असतो. चालत्या गाडीची काळजी कशी घ्यावी हे सगळे सांगतात. उभ्या गाडीचे शास्त्र वेगळे आहे आणि ते समजून घेतले तर बॅटरीचे आयुष्य वाचते.

पेटीच्या आत काय चालते

गाडीतली ही बॅटरी शिसे आणि आम्लाची. फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्टन प्लांते यांनी १८५९ मध्ये ती बनवली. पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी ही पहिली बॅटरी. मोटारीत मात्र तिला महत्त्वाचे काम मिळाले ते १९१२ मध्ये, अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेवर चालणारा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत बसवला गेला तेव्हा. त्याआधी हँडल मारून इंजिन चालू करावे लागे. आज आपण सेल्फ मारतो तो याच स्टार्टरच्या जोरावर.

बॅटरीच्या पेटीत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यातून सुमारे २.१ व्होल्ट मिळतात, म्हणून पूर्ण भरलेली ‘१२ व्होल्ट’ची बॅटरी मोजली तर १२.६ ते १२.७ व्होल्ट भरते. कप्प्यात दोन प्रकारच्या प्लेटा असतात, एक शिशाची आणि दुसरी शिशाच्या डायऑक्साइडची, आणि त्या पातळ गंधकाम्लात बुडालेल्या असतात. वीज बाहेर जाते तेव्हा आम्लातला सल्फेट दोन्ही प्लेटांवर जाऊन बसतो आणि द्रावण पातळ होते. चार्जिंग होते तेव्हा तो सल्फेट पुन्हा आम्लात परततो. बॅटरीचे सारे आयुष्य म्हणजे ही ये-जा.

उभ्या गाडीत यातले परतणेच थांबते. प्लेटेवर नुकताच बसलेला लेड सल्फेट बारीक कणांचा असतो आणि चार्जिंगला लावताच विरघळतो. पण बॅटरी अर्धवट उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली, की पिठीसाखरेची खडीसाखर व्हावी तसे त्या कणांचे मोठे, कठीण स्फटिक होतात. मग ते चार्जिंगलाही दाद देत नाहीत. प्लेटेचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. याला सल्फेशन म्हणतात. म्हणून बॅटरी उतरणे हा खरा धोका नाही. उतरलेली बॅटरी तशीच राहू देणे हा आहे. रात्रभर दिवा चालू राहिल्याने उतरलेली बॅटरी दुसऱ्या दिवशी नीट चार्ज केली तर बहुधा सावरते. दोन महिने उतरून पडलेली बॅटरी अनेकदा सावरत नाही.

वीज जाते कुठे

किल्ली खिशात असली तरी आजची गाडी पूर्ण बंद नसते. घड्याळ, रिमोटने उघडणारे लॉक, चोरी रोखणारी इमोबिलायझर यंत्रणा, म्युझिक सिस्टीमची स्मृती, इंजिनाचा संगणक हे सारे थोडी थोडी वीज घेत राहतात. चांगल्या अवस्थेतल्या गाडीत हा प्रवाह साधारण २० ते ५० मिलिअँपिअर असतो. आकडा छोटा दिसतो, म्हणून एकदा हिशोब करून पाहू.

३० मिलिअँपिअर धरले तर २४ तासांत ०.७२ अँपिअर-तास वीज जाते. लहान पेट्रोल गाड्यांमध्ये ३५ अँपिअर-तासांची बॅटरी सर्रास असते. म्हणजे २४ दिवसांत ती निम्म्यावर येते आणि सुमारे ४८ दिवसांत कागदोपत्री रिकामी होते. टाळेबंदीच्या ६८ दिवसांत तिच्यातून ४९ अँपिअर-तास जायला हवे होते. तेवढी वीज तिच्यात मुळी नसतेच. जूनमधल्या त्या टकटकीचे कारण हेच. डिझेल गाडीची बॅटरी मोठी असते, पण डिझेल इंजिन फिरवायला जोरही जास्त लागतो, म्हणून तिथेही फार मोकळीक मिळत नाही.

नंतर बसवून घेतलेली उपकरणे हा हिशोब आणखी बिघडवतात. जीपीएस ट्रॅकर, गाडी उभी असतानाही चित्रण करणारा कॅमेरा, स्वस्तातला अलार्म यांमुळे प्रवाह दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. नीट न लागलेले दार किंवा डिकीतला पेटता राहिलेला दिवा तर दोन-तीन दिवसांतच काम तमाम करतो. फास्टॅगवर मात्र संशय नको. त्याला गाडीच्या बॅटरीची वीज लागतच नाही. महिनाभर टिकायला हवी ती बॅटरी आठवड्यात बसत असेल, तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बंद गाडीचा प्रवाह मोजून घ्यावा. गाडी लॉक केल्यानंतर तिचे संगणक झोपी जायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढे थांबून मगच मापन करायला सांगावे, नाहीतर आकडा फसवा येतो.

दुसरी गळती बॅटरीच्या आतच असते. दोन्ही तारा काढून ठेवल्या तरी आतली रासायनिक क्रिया मंदपणे चालू राहते आणि बॅटरी स्वतःहून उतरत जाते. नव्या, कॅल्शियम मिसळलेल्या प्लेटांच्या बॅटरीत हा वेग कमी असतो, जुन्या पद्धतीच्या बॅटरीत जास्त. आणि तो वेग ठरवते तापमान.

थंड देशांचा सल्ला, आपले ऊन

बॅटरीच्या देखभालीवर जगभर जे लिहिले जाते ते बहुतेक थंड देशांतून आलेले आहे. तिथे भीती हिवाळ्याची. उतरलेल्या बॅटरीतले द्रावण जवळजवळ पाणीच झालेले असते, त्यामुळे ते शून्याखाली काही अंशांवर गोठून पेटी फुटू शकते. शिवाय थंडीत इंजिनाचे तेल घट्ट होते आणि बॅटरीचा जोरही घटतो. अमेरिकेच्या किंवा कॅनडाच्या थंड भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा सल्ला उपयोगी आहे. नांदेड-लातूरला तो जसाच्या तसा लागू केला तर खरा शत्रू नजरेआड राहतो.

इथे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि रात्रीही फारसे निवत नाही. तापमान सुमारे १० अंशांनी वाढले की बॅटरीची आतली गळती साधारण दुप्पट होते. प्लेटांची झीज, गंज आणि सल्फेशनही त्याच उष्णतेत वेग घेतात. झाकणाच्या बॅटरीतले पाणी आटते. म्हणून उन्हाळा बॅटरी मारतो आणि हिवाळा ते उघड करतो. डिसेंबरच्या गार सकाळी सेल्फ उचलला नाही की लोक थंडीला दोष देतात, पण ते नुकसान मे महिन्यातच होऊन गेलेले असते.

यातून पहिली गोष्ट ठरते ती जागेची. चारी बाजूंनी बंद असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी बाहेरच्यापेक्षाही जास्त तापते. वारा खेळणारी जागा, इमारतीची पूर्वेकडची सावली किंवा दाट लिंबाचे झाड त्याहून बरे. गाडीवर आच्छादन घालायचे तर फिकट रंगाचे घालावे. बॅटरी काढून ठेवणार असाल तर घरातली गार, कोरडी, हवेशीर आणि लहान मुलांच्या हाताला न लागणारी जागा निवडावी. बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते, अशी एक जुनी समजूत आहे. लाकडी आणि कडक रबराच्या पेट्यांच्या काळात तिला काही आधार होता. आताच्या प्लास्टिकच्या पेटीला फरशीपासून धोका नाही. फळीवर ठेवली तरी हरकत नाही, पण तेवढ्याने तिची गळती थांबत नाही.

दहा मिनिटे इंजिन चालवून काय मिळते

‘दर रविवारी दहा मिनिटे गाडी चालू करून ठेव,’ हा सल्ला आपल्याकडे सर्वांत जास्त दिला जातो. तो प्रेमाने दिला जातो, पण अपुरा आहे.

सेल्फ मारताना स्टार्टर शे-दोनशे अँपिअर प्रवाह ओढतो, पण तो दोन-तीन सेकंदच. १५० अँपिअर तीन सेकंद म्हणजे ०.१२ अँपिअर-तास, हा खर्च किरकोळ आहे. आठवडाभर उभ्या गाडीने मात्र ५ अँपिअर-तास खाल्लेले असतात. इंजिन जागेवर मंद फिरत असताना अल्टरनेटर, ज्याला आपले मिस्त्री अजूनही डायनामो म्हणतात, फार वीज देत नाही. बॅटरीला त्यातले १० अँपिअर मिळाले असे उदारपणे धरले तरी दहा मिनिटांत दीड-पावणेदोन अँपिअर-तास भरतात. म्हणजे दोन-अडीच दिवसांची भरपाई होते, सात दिवसांची नाही. एसी आणि दिवे चालू ठेवले तर तीही नाही. वर इंधन जळते, इंजिन पूर्ण तापत नाही आणि बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराच्या गाळणीत काजळी साठते.

गाडी चालू करायचीच तर चालवावी. नांदेडहून अर्धापूर किंवा लातूरहून औसा गाठून परत यावे, एवढी फेरी आठवड्या-दोन आठवड्यांतून झाली तर बॅटरीला खरा लाभ होतो. टायर, ब्रेक आणि एसी यांनाही ती मानवते.

किती दिवस उभी, त्यावर उपाय

दोन आठवड्यांपर्यंत गाडी उभी राहणार असेल आणि बॅटरी धडधाकट असेल, तर विशेष काही करावे लागत नाही. निघण्याआधी एक लांब फेरी मारून बॅटरी भरून घ्यावी, सगळी दारे आणि डिकी नीट लावावी, चार्जरच्या सॉकेटमध्ये खोचलेली उपकरणे काढावीत.

तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ जाणार असेल तर मायनसची तार सोडवावी. बहुतेक गाड्यांमध्ये दहाचा पाना पुरतो. काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी, हा क्रम पक्का लक्षात ठेवावा. गाडीचा सारा पत्रा मायनसला जोडलेला असतो. मायनस जोडलेली असताना प्लसचा नट फिरवणारा पाना पत्र्याला टेकला तर मोठी ठिणगी उडते. तार काढल्यावर घड्याळ आणि रेडिओची मांडणी पुसली जाते, काही गाड्यांत काचांची स्वयंचलित उघडझाप पुन्हा शिकवावी लागते. ही गैरसोय नव्या बॅटरीच्या खर्चापुढे काहीच नाही. तार सोडण्याआधी किल्ली गाडीबाहेर घ्यावी आणि हाताच्या किल्लीने दार उघडते का, हे तपासावे. बॅटरी डिकीत असेल आणि डिकी विजेनेच उघडत असेल, तर गाडीची पुस्तिका वाचल्याशिवाय तार काढू नये.

दोन-तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ असेल तर नुसती तार काढून भागत नाही, कारण आतली गळती चालूच असते. अशा वेळी बॅटरी भरलेली ठेवणारा स्वयंचलित चार्जर उत्तम. तो बॅटरी भरल्यावर प्रवाह आपोआप अगदी कमी करतो. तो नसेल तर महिन्यातून एकदा, कडक उन्हाळ्यात त्याहून थोडे लवकर, साध्या चार्जरने बॅटरी भरून घ्यावी. चार्जिंगचा प्रवाह क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याएवढा असावा, म्हणजे ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला साडेतीन अँपिअर. इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांत एजीएम प्रकारची बॅटरी असू शकते. तिच्यासाठी चार्जरवर वेगळी निवड असते.

शेतातल्या शेडमध्ये वीज भरवशाची नसेल तर आपले ऊनच कामाला लावता येते. १० वॅटचे छोटे सौर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला दोन-अडीच अँपिअर-तास देते. उभ्या गाडीची रोजची गरज त्याच्या एक तृतीयांश. पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये चार्ज कंट्रोलर मात्र हवाच; नाहीतर भरलेली बॅटरी जास्त चार्ज होऊन तिच्यातले पाणी आटते. किल्ली काढली की अनेक गाड्यांमधले सॉकेट बंद होते, म्हणून जोडणी थेट बॅटरीला करावी. शेडमधल्या ट्रॅक्टरसाठी हा उपाय फार सोयीचा आहे.

बॅटरी किती भरलेली आहे हे साध्या मल्टिमीटरने कळते. गाडी रात्रभर उभी राहू द्यावी आणि सकाळी इंजिन चालू करण्याआधी मोजावे. १२.६ किंवा जास्त व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे जेमतेम पाव. १२.४ च्या खाली आली की चार्जिंगला लावावी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले तर डायनामो काम करतो आहे.

पाणी कोणते टाकावे

लोडशेडिंगने मराठवाड्याच्या घराघरांत इन्व्हर्टर आणला आणि त्याच्यासोबत डिस्टिल्ड पाण्याची बाटलीही. त्यामुळे बॅटरीत पाणी टाकणे इथे नवे नाही. पण कोणते पाणी, याबाबत अजून चुका होतात.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरची तहान भागवायला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १० टाक्या आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन ‘जलदूत’ची पहिली गाडी १२ एप्रिलला पोहोचली. अशा टंचाईच्या भागात लोक बोअरवर आणि जारवर अवलंबून असतात. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड यांचे क्षार असतात. बॅटरीतले पाणी आटते, क्षार मागे राहतात, आणि दर वेळी पाणी टाकताना त्यांत भर पडते. प्लेटा खराब होतात आणि आतली गळती वाढते. आरओच्या जारचे पाणी पिण्यास योग्य असले तरी त्यातही काही क्षार उरतात. म्हणून बॅटरीला फक्त डिस्टिल्ड पाणीच द्यावे. पाण्याची पातळी प्लेटांच्या वर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर असावी. खुणा असतील तर त्यांच्या मध्ये. पाणी चार्जिंग झाल्यावर टाकावे, कारण चार्जिंगमध्ये पातळी चढते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी त्या बुडतील एवढे टाकावे. वरून आम्ल कधीही टाकू नये; आटते ते पाणी, आम्ल आतच असते. सीलबंद बॅटरीचे झाकण उघडण्याचा प्रयत्न करू नये.

टर्मिनलवर पांढरा किंवा हिरवट थर जमला असेल तर तारा सोडवून खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने ब्रशने धुवावा, द्रावण झाकणांतून आत जाऊ देऊ नये, कोरडे करून घट्ट बसवावे आणि वर पेट्रोलियम जेली लावावी.

बसलेली बॅटरी उठवताना

धक्का मारून गाडी चालू करण्याची सवय आपल्याला जुन्या गाड्यांनी लावली. आजच्या गाडीत इंधनाचा पंप आणि इंजिनाचा संगणक विजेवर चालतात. बॅटरी पूर्ण बसली असेल तर कितीही ढकलून उपयोग नाही, आणि ऑटोमॅटिक गाडीला तर हा मार्गच नाही. त्यापेक्षा जम्पर केबल सोबत ठेवाव्यात. लाल केबल आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनावरील उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि शेवटचे टोक जोडताना ठिणगी पडते, म्हणून हे अंतर. विडी-सिगारेट जवळ नको. डोळे सांभाळावेत, अंगावर आम्ल उडाले तर भरपूर पाण्याने धूत राहावे आणि डोळ्यात गेले तर लगेच दवाखाना गाठावा.

गावात एक चूक विशेष टाळायला हवी. ट्रॅक्टरची यंत्रणा साधारणपणे १२ व्होल्टची, पण मोठ्या ट्रकची, टिप्परची आणि एसटीची २४ व्होल्टची असते. ट्रकवरून कारला करंट दिला तर कारचे संगणक जळू शकतात. इन्व्हर्टरची बॅटरी गाडीत बसवणे किंवा गाडीची घरात वापरणे हेही करू नये. इन्व्हर्टरची बॅटरी तासन्‌तास थोडी थोडी वीज देण्यासाठी बनलेली असते, तर गाडीची क्षणभर मोठा जोर देण्यासाठी.

करंट देऊन गाडी चालू झाली म्हणजे बॅटरी भरली असे नाही. ती चार्जिंगला लावून दहा-बारा तास सावकाश भरावी, रात्रभर ठेवून पुन्हा मोजावी. व्होल्ट टिकले तर बॅटरी वाचली. टिकले नाहीत, किंवा आम्लाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर एका कप्प्याचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल, तर तो कप्पा गेला. बॅटरी बदलणे भाग आहे. जुनी बॅटरी देऊनच नवी घ्यावी. तिच्यातले शिसे विषारी आहे आणि जवळपास सगळे पुन्हा वापरता येते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेऊन पुनर्वापराला लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ती भंगारात फोडून आम्ल नालीत ओतणे म्हणजे आपल्याच बोअरच्या पाण्यात विष कालवणे.

आपल्या हवामानात नीट सांभाळलेली बॅटरीही बहुधा तीन-चार वर्षांत थकते. ती वर्षे कुणाला चुकत नाहीत. पण दुर्लक्षामुळे एकाच उन्हाळ्यात जाणारी बॅटरी वाचवता येते. पुढच्या वेळी लेकरांच्या शिक्षणासाठी, यात्रेसाठी किंवा परगावी मुलाकडे राहायला घर बंद कराल, तेव्हा पाण्याची मोटर आणि गॅस बंद करता तसेच बॅटरी भरून घ्या, गाडी सावलीत लावा आणि मायनसची तार सोडवून ठेवा.